ओट्याआधी खडू

प्रतापनगर, नागपूर

प्रिय वंदे,

तुझ्या नव्या घराचा नकाशा मिळाला. जेवणं आटोपल्यावर टेबलावर पसरला आणि लगेच लिहायला बसले. 7 बाय 11 चं स्वयंपाकघर लहान पडेल म्हणून तू हिरमुसली आहेस. अगं, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी 1926 मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वस्त्यांसाठी आखलेलं स्वयंपाकघर जेमतेम 6 बाय 11 फुटांचं होतं, आणि तशी हजारो बांधली गेली. जागा पुरते. मला खटकला तो हॉलमधला फ्रिज. सांभार-कोथिंबीर काढायला बाहेर, धुवायला आत, फोडणी तडतडतेय तोवर दह्यासाठी पुन्हा बाहेर! फ्रिज, सिंक आणि शेगडी यांच्यात प्रत्येकी 4 ते 9 फूट असावेत, तिन्ही अंतरं मिळून 26 च्या आत. तुझ्याकडे दाराजवळच्या कोपऱ्यात फ्रिज सहज बसतो. सिंक आणि शेगडीच्या मधे मात्र तीनेक फूट ओटा मोकळा ठेव. चिरणं, मळणं, गरम गंज-पातेली उतरवणं, सगळं तिथेच होतं.

ओट्याच्या उंचीचं तर हात जोडून सांगते. मिस्त्री म्हणाला, "ताई, सगळीकडे 32 इंचच असते," आणि मी मान डोलावली. माझी उंची साडेपाच फूट. दोन वर्षं वाकून वाकून कंबर धरली, शेवटी कडाप्पा फोडून 36 इंचांवर नेला. कोपर वाकवून उभी राहा, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घे, त्यातून 4 ते 6 इंच वजा कर. ती तुझ्या ओट्याची उंची. पोळ्या लाटायला जोर लागतो, तेवढा तुकडा दोन इंच खाली घेतलास तर खांदे दुखणार नाहीत.

आणि आपला मे महिना! खिडकीखाली शेगडी नको, वाऱ्याने आच फडफडते. तिथे सिंक घे, आणि शेगडीच्या वर बाहेरच्या भिंतीत एक्झॉस्ट. हॉलमधल्या कूलरच्या हवेला बाहेर पडायला वाट मिळते, सावजी रश्श्याचा ठसकाही घरभर फिरत नाही.

पाण्याचे पाइप भिंतीत जाण्याआधी मला बोलाव, मी रविवारी तुझ्याकडे बेश्याला येते. खडू मी आणते. जमिनीवर ओटा आखू, आणि तू कुकर, परात, पोळपाट घेऊन अख्खा वरण-भात-पोळीचा स्वयंपाक खोटाखोटा करून दाखव. जिथे अडखळशील, तिथली रेघ पुसू.

तुझीच,
सुमन