दूरचित्रवाणीवरच्या नटाची नोंद कोण ठेवणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दूरचित्रवाणीवर काम करणारा एखादा ज्येष्ठ नट गेला, की मथळ्यात त्याच्या शेवटच्या मालिकेचे नाव येते आणि त्याआधीची चाळीस-पन्नास वर्षे ‘अनेक नाटकांतून व चित्रपटांतून भूमिका केल्या’ एवढ्या एका ओळीत उरकली जातात. डिसेंबर २०२० मध्ये वयाच्या ८३व्या वर्षी ठाण्यात निवर्तलेले रवी पटवर्धन आजही अनेक तरुण प्रेक्षकांना ‘अग्गंबाई सासूबाई’मधले आजोबा म्हणूनच ठाऊक आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून हा नट रंगभूमीवर उभा राहिला. रत्नाकर मतकरी यांच्या ‘आरण्यक’मध्ये त्यांनी साकारलेला धृतराष्ट्र १९७०च्या दशकातला, चार दशके उलटून गेल्यावर ते नाटक पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या पटवर्धनांनी तीच भूमिका त्याच खणखणीत आवाजात पुन्हा उभी केली. चित्रपटांनी त्यांना बहुधा पाटील, न्यायाधीश, पोलीस अधिकारी अशाच चौकटीत वापरले. दूरदर्शनच्या ‘आमची माती, आमची माणसं’ने मात्र त्यांना खेड्यापाड्यांतल्या घरांत पोहोचवले.

मालिकेतले काम सोपे असते, असा एक समज आपल्याकडे आहे. नाटकाला महिनाभर तालमी मिळतात. मालिकेत त्या दिवसाच्या प्रसंगाची पाने अनेकदा सेटवरच हाती पडतात आणि तासाभरात कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागते. घोडबंदर रस्त्यावरच्या चित्रीकरणस्थळी बारा-बारा तासांच्या पाळीत हे करणे तरुणांनाही जड जाते. त्यातच २०२०च्या टाळेबंदीनंतर चित्रीकरण सुरू झाले, तेव्हा पासष्टीच्या पुढच्या कलाकारांना सेटवर यायला राज्य सरकारने सरसकट मनाई केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती रद्द केली, हे योग्यच झाले. कारण वयाचा दाखला पाहून कोणाचीही उपजीविका अडवता येत नाही. नाटकाची निदान संहिता मागे राहते, परीक्षणे राहतात. जुन्या दैनंदिन मालिकांचे भाग मात्र पुन्हा पाहायला मिळणेसुद्धा दुर्मीळ, मग त्यातल्या नटाने अभिनयात काय कमावले होते, हे पुढच्या पिढीला कळणार कसे?

ठाणे महापालिकेकडे गडकरी रंगायतन आणि डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह अशी दोन नाट्यगृहे आहेत. शहरात राहणाऱ्या ज्येष्ठ कलावंतांच्या, विशेषतः ज्यांची हयात छोट्या पडद्यावर गेली त्यांच्या, सविस्तर मुलाखती तेथे प्रेक्षकांसमोर घ्याव्यात, त्यांचे ध्वनिचित्रमुद्रण करावे आणि ते सर्वांना विनामूल्य पाहता येईल असे ठेवावे. सभागृह, ध्वनियंत्रणा आणि रसिक हे तिन्ही येथे असल्याने फार मोठ्या तरतुदीची गरज पडू नये. आपल्या दैनिकानेही ठाणे पुरवणीत अशा कलावंतांवर ते हयात असतानाच लिहावे, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)