मक्याला पत्र: अठरा इंचच घे

म्युनिक,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय मक्या,

गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली होती आणि तू मोबाइल पुढे करून तुझ्या बीएमडब्ल्यू एम-फोरच्या हिवाळी टायरसाठी ते काळे वीस इंची रिम, म्हणजे टायर चढवायची धातूची चाकं, दाखवत होतास, तेव्हा "बघतो, लिहितो" म्हणून मी वेळ मारून नेली. हातात मोदकाची प्लेट धरून उरकावं असं ते प्रकरण नव्हतं. आज रविवार आहे, बाहेर पाऊस लागलाय, म्हणून सविस्तर लिहायला बसलो. निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. वीस नको, एकोणीसही नको. अठरा घे. बीएमडब्ल्यूचेच, साधे चंदेरी, मिळाले तर वापरलेले. जे पैसे वाचतील ते टायरमध्ये घाल.

आता तू म्हणशील, एम-फोर घेतली ती काय म्हाताऱ्या मास्तरासारखी दिसायला? हौसेला मोल नसतं हे मलाही मान्य आहे. पण हौस मेपासून ऑक्टोबरपर्यंत कर. तेव्हा तू वीस लाव, नाहीतर सोन्याचा मुलामा दे, मी अवाक्षर काढणार नाही.

त्याआधी एक विचारतो. हिवाळ्यात ही गाडी खरंच चालवायची आहे का? इथे मोसमी नंबर प्लेट मिळते, कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त अकरा महिन्यांची. कित्येक लोक स्पोर्ट्स कार एप्रिल ते ऑक्टोबरपुरतीच रस्त्यावर ठेवतात आणि बाकीचा काळ ती गॅरेजमध्ये झाकून असते. विमा आणि कर दोन्ही तेवढ्याच महिन्यांचे. पण तू आउग्सबुर्गहून रोज ऑफिसला हीच गाडी नेणार, शिवाय वहिनींना स्कीइंगला ऑस्ट्रियातल्या तिरोलला न्यायचं कबूल करून बसलायस. तेव्हा तो मार्ग बंद. हिवाळी चाकं घ्यायलाच हवीत.

तू म्हणालास, "बर्फ पडतोच किती दिवस? पडला की ट्रेनने जाईन." हे इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाचं असतं. अरे, भानगड बर्फाची कमी आणि थंडीची जास्त आहे. तुझ्या गाडीवर आत्ता मिशलिनचे पायलट सुपर स्पोर्ट आहेत. उन्हाळ्यात त्यांच्यासारखी पकड नाही. पण पारा सातच्या खाली गेला की ते रबर थंडीतल्या तुपासारखं थिजतं. रस्ता कोरडा, ऊन पडलेलं, बर्फाचा मागमूस नाही, आणि तरी टायर डांबराला धरत नाही. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचा भर असा असतो की ते गारठ्यातही लवचीक राहतं. वरच्या ठोकळ्यांना शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फात कडा रोवतात. नक्षीत थोडा बर्फ अडकून राहतो तोही कामाचा असतो, कारण बर्फाला बर्फच चांगला धरतो.

आणि तुझं इंजिन कुठलं ते विसरू नकोस. ४३१ अश्वशक्ती हा आकडा मित्रांना सांगायचा. मला धास्ती आहे ती ५५० न्यूटन मीटरची, कारण तो टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, १८५० आरपीएमलाच येऊन उभा राहतो आणि सगळा मागच्या दोन चाकांवर. नोव्हेंबरातल्या सकाळी तळघरातल्या पार्किंगचा ओला रॅम्प चढून वर आलास, उजवीकडे वळलास आणि सवयीने जरा पाय दाबलास, की गाडीची शेपटी तुझ्या आधी चौकात पोचेल. डीएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, सावरून घेतं, पण टायरमध्ये नसलेली पकड ते कुठून आणणार? लोक मग "रिअर व्हील ड्राइव्ह बर्फात चालतच नाही" म्हणतात. नाचता येईना अंगण वाकडं. चांगल्या हिवाळी टायरवर मागच्या चाकांनी चालणारी गाडी इथे वर्षानुवर्षं लोक चालवत आलेत.

कायद्याचं थोडक्यात. जर्मनीत अमुक तारखेपासून टायर बदला असं बंधन नाही. पण रस्त्यावर बर्फ, बर्फाचा रेंदा, गोठलेलं दंव किंवा काचेसारखा थर असताना उन्हाळी टायरवर पकडलं तर ६० युरो आणि फ्लेन्सबुर्गला ठेवलेल्या वाहनचालकांच्या नोंदीत तुझ्या नावावर एक पॉइंट. तुझ्यामुळे रस्ता अडला तर ८०. टायरवर डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह पाहिजेच. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेले जुने टायर गेल्या वर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत चालत होते, आता नाही. तेव्हा कोणी "एम प्लस एस आहे, एकदम स्वस्तात देतो" म्हणाला तर हसून पुढे हो. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हा काळ ठरलेला आहे, आणि तिथे नक्षी चार मिलिमीटरच्या खाली गेली की हिवाळी टायर हिवाळी धरतच नाहीत. तिरोलला जाणार आहेस म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता अठराच का. जरा हिशोब कर. तुझ्या पुढच्या चाकाचं आत्ताचं माप २५५/३५ आर १९. म्हणजे टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, रिम १९ इंची, आणि टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची २५५ च्या ३५ टक्के, सुमारे ८९ मिलिमीटर. अठरा इंचाला माप येतं २५५/४० आर १८, भिंत १०२ मिलिमीटर. दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास काढून बघ, ६६१ मिलिमीटरच येतो. म्हणजे स्पीडोमीटर फसत नाही, गाडी खाली-वर होत नाही, आणि रिम व खड्डा यांच्यामध्ये तेरा मिलिमीटर रबर फुकटात वाढतं. मागे २७५/४० आर १८, तिथेही हेच गणित. फेब्रुवारीत बर्फ वितळायला लागला की इथल्या रस्त्यांनाही खड्डे पडतात, ते पाण्याने भरलेले असतात आणि आपल्याला वाटतं डबकं आहे. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वीस इंचाला भिंत जेमतेम आठ सेंटिमीटर उरते. एका खड्ड्यात टायर फुगणार किंवा रिम वाकणार.

शिवाय ही मापं कंपनीनेच या गाडीला दिलेली आहेत. एम-फोर मुळात अठरावरच यायची, एकोणीस हा जादा पैशांचा पर्याय होता. त्यामुळे मूळ बीएमडब्ल्यूचा रिम आणि कागदात लिहिलेलं माप असेल तर ट्यूफकडे, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडे, खेटे नाहीत. सीओसी नावाचं जे पत्रक गाडीबरोबर मिळालंय त्यात बघून घे. बाहेरचा रिम घेतलास तर त्याचा परवाना गाडीत बाळगावा लागतो, नाहीतर तपासणी करून नोंद करून घ्यावी लागते. ते न करता फिरलास तर गाडीचा परवानाच धोक्यात येतो, आणि अपघात झाला तर विमेवाले आधी तेच उकरून काढतात.

एक मोठी अट मात्र आहे. ब्रेक कुठले आहेत? कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, निळे असतील तर साधे पोलादी ब्रेक, अठरा आरामात बसतो. सोनेरी असतील तर पहिल्या मालकाने कार्बन सिरॅमिक घेतलेत. त्याची पुढची डिस्क ४०० मिलिमीटरची, तिच्यावर अठरा इंची रिम चढतच नाही. मग एकोणीस घेण्यावाचून गत्यंतर नाही आणि माझं वरचं सगळं भाषण वाया. म्हणून काही बुक करण्याआधी खाली वाकून बघ आणि मला फोटो पाठव.

"ऑल सीझन लावले तर वर्षाला दोनदा उठाठेव नको," हाही तुझा प्रश्न होता. फोक्सवॅगन गोल्फ चालवत असतास, शहरातच फिरत असतास, तर मी हो म्हटलं असतं. पण या गाडीत दोन्ही डगरींवर हात ठेवून जमणार नाही. जुलैत ऑटोबानवर दोनशेच्या वर गेल्यावर ते रबर मऊ पडतं, स्टिअरिंग सैल वाटतं, आणि ज्या गोष्टीसाठी तू एवढी महाग गाडी घेतलीस तीच हरवते. उलट टोकाचे म्हणजे फिनलंडवाले टायर. नोकियानचा हाक्कापेलिटा १९३६ पासून आहे, बर्फावर त्याला तोड नाही. पण ते अतिमऊ रबर आमच्याकडच्या ओल्या, चार अंश तापमानाच्या, मीठ मारलेल्या रस्त्यासाठी नाही. इथला हिवाळा नव्वद टक्के ओला असतो. तुला मधला प्रकार पाहिजे, वेगवान गाड्यांसाठीचा हिवाळी टायर. मिशलिन पायलट आल्पिन ५, कॉन्टिनेंटलचा विंटरकॉन्टॅक्ट टीएस ८६० एस, पिरेलीचा सोत्तोझेरो ३, या घराण्यातलं काहीतरी. तुझ्या मापात काय मिळतं ते आधी बघ, मग नावावर भांड. मी असतो तर पहिला फोन मिशलिनसाठी केला असता, कारण ऑटोबानवर लेन बदलताना तो जास्त ठाम वाटतो.

लेबलवर ओल्या रस्त्याच्या पकडीचं अक्षर असतं, ते आवाजाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. एडीएसी या इथल्या मोटार क्लबच्या चाचण्या जरूर वाच, पण त्या बहुधा साध्या गाड्यांच्या मापांवर असतात. तिथला पहिला नंबर तुझ्या रुंद मापातही पहिला येईलच असं नाही. पुढच्या टायरच्या भिंतीवर ९९ व्ही आणि मागच्या १०३ व्ही असं काहीतरी दिसेल. ९९ म्हणजे एका टायरला ७७५ किलो, १०३ म्हणजे ८७५. व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंत. तुझी गाडी २५० ला जाते, म्हणून २४० चा स्टिकर डॅशबोर्डवर नजरेसमोर लावावा लागेल. तेवढ्यासाठी त्याहून जास्त वेगाचा डब्ल्यू शोधत बसू नकोस. जानेवारीत २४० ने जाण्याचा विचार आला तर आधी वहिनींना विचार.

वापरलेले रिम घेणार असशील तर मला बरोबर ने. वसंतात एका सहकाऱ्यासाठी रोझेनहाइमला गेलो होतो. चारही चाकं दर्शनी बाजू वर करून मांडलेली, पुसून लखलखीत. एक उचलून उलटं केलं आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं, तर एका जागी गाठ लागली. तडा वेल्डिंगने सांधून वरून रंग मारला होता. विकणारा म्हणे, "असं काही मला माहीतच नव्हतं." आम्ही चहासुद्धा न घेता निघालो. तेव्हा आतली बाजू बघायचीच, आणि टायरसकट घेणार असशील तर टायरच्या भिंतीवरच्या डॉट या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचायचे, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. ३२२२ म्हणजे २०२२ चा बत्तिसावा आठवडा. चंदेरीचा माझा हट्ट दिसण्यासाठी नाही. चकचकीत घासलेल्या पृष्ठभागावरच्या लॅकरला बारीक खडीने टवका उडाला की मीठ आत शिरतं आणि खालून पांढरी बुरशी धरल्यासारखं पसरत जातं. पूर्ण रंगवलेला रिम हे सोसतो.

आत्ताच्या एकोणीस इंची रिमवरचे टायर काढून हिवाळी चढवायचे, हा वहिनींचा काटकसरी सल्ला मला आवडला, पण दरवर्षी दोनदा टायर काढण्या-चढवण्याची आणि बॅलन्सिंगची मजुरी मोज. दोन-तीन वर्षांत जुन्या रिमचे पैसे त्यातच जातात. आतले हवेचे सेन्सर नव्या सेटला वेगळे लागतील, ते भावात धरायला विसरू नकोस.

बर्फात चाकांना लावायच्या साखळ्यांचं मॅन्युअलमध्ये बघ. रुंद टायर आणि चाकावरच्या कमानीत जागा कमी, त्यामुळे तुझ्या मापाला परवानगी आहे की नाही ते तिथेच नक्की कळेल. नसेल, तर निळ्या वर्तुळात साखळीची पाटी दिसली की तो रस्ता तुझ्यासाठी नाही. मग तेवढ्या दिवसापुरती वहिनींची गाडी काढ.

यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे. तोवर चाकं घरात येऊ दे, दसऱ्याला त्यांनाही झेंडू वाहू, आणि दिवाळीच्या सुमारास चढवू. त्यानंतर थांबलास तर पहिला बर्फ पडताच टायरवाल्यांकडे जी झुंबड उडते तिच्यात तुझा नंबर नोव्हेंबरअखेरीस लागेल. चढवायला माझ्याकडेच ये. जॅक, टॉर्क रेंच, हब घासायचा तारेचा ब्रश सगळं आहे. बोल्ट १४० न्यूटन मीटरला आवळू, आणि घरी पोचलास की, पन्नासेक किलोमीटर होतातच, पुन्हा एकदा तपास. नवे टायर असतील तर पहिले तीनशे किलोमीटर सबुरीने.

कॅलिपरचा फोटो आजच पाठव. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
शैल्या

ता. क. उन्हाळी चाकं उतरवल्यावर त्यांच्यावरचे डॉटचे आकडेही कळव. गाडी २०१६ ची आहे, आणि नक्षी भरपूर दिसत असली तरी टायर तेव्हाचेच असतील तर मार्चमध्ये तुला आणखी एक पत्र येईल.