अमोल मुझुमदार सरांना एका क्रीडाशिक्षिकेचं आभारपत्र

आदरणीय अमोल सर,
सा. न.

तुमची-माझी ओळख नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी खेळ शिकवते, मुलींचा क्रिकेट संघही माझ्याकडेच आहे. भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक म्हणून विश्वचषक जिंकल्याबद्दल अभिनंदनाची पत्रं तुम्हाला ढिगाने आली असतील. मला मात्र त्याच्या आधीच्या वाईट दिवसांबद्दल लिहायचंय.

९ ऑक्टोबर २०२५ला विशाखापट्टणममध्ये आपण दक्षिण आफ्रिकेकडून हरलो. तिथेच १२ तारखेला ३३० धावा करूनही ऑस्ट्रेलियाकडून हरलो. १९ला इंदूरमध्ये इंग्लंडविरुद्ध हाताशी आलेला सामना चार धावांनी गेला. घरात एकच वाद सुरू झाला, चूक कुणाची? घरातले तुमच्या नावाने बोटं मोडत होते. मी तावातावाने म्हणत होते, "मैदानात बॅट काय कोचच्या हातात असते?"

मी एवढी का चिडले होते, ते सांगते. त्याच्या महिनाभर आधी तालुका स्पर्धेत आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. तीन मुली धावबाद झाल्या. एक पालक सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, पोरींची तयारीच करून घेतली नाही तुम्ही." ते मला फार लागलं. मग मीही सगळ्यांसमोर एकेकीच्या चुका मोजून दाखवल्या. आठवीतली आमची सलामीची मुलगी खाली मान घालून पॅड सोडत होती. मी बोलले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

मग तुमच्या संघाकडे बघताना मला माझी चूक कळली. इंदूरच्या सामन्यात ८८ धावा केलेली स्मृती मानधना जाहीरपणे म्हणाली की डावाची घसरण आपल्यापासून सुरू झाली. पुढे कर्णधार हरमनप्रीतने सांगितलं की त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये ती काहीच बोलली नाही, बोललात ते तुम्ही. आणि तुम्ही मनापासून बोलता हे ठाऊक असल्यामुळे कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही. म्हणजे कडक शब्द खोलीत बोलले गेले आणि बाहेर जिने तिने आपला वाटा स्वतः उचलला. मी याच्या अगदी उलट केलं होतं. मुलींशी एकांतात एक शब्द बोलले नव्हते, आणि जे काही बोलले ते लोकांसमोर.

दुसरी गोष्ट फलंदाज जेमिमा रॉड्रिग्जची. इंदूरला जादा गोलंदाज हवा म्हणून तिला बाहेर बसवलं गेलं. हा निर्णय व्यवस्थापनाचा, त्याचं खापर खेळाडूंवर फोडता येणार नाही. गोलंदाजीची गरज खरी होती, हे मी मानते. पण चारच दिवसांनी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध ती परत संघात आली, तिसऱ्या क्रमांकावर, नाबाद ७६. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाचं ३३९ धावांचं लक्ष्य गाठताना नाबाद १२७. घेतलेला निर्णय फिरवला की मुली आपल्याला मानणार नाहीत, असं मला इतकी वर्षं वाटत आलं. त्या चार दिवसांनी ती भीती घालवली.

बाहेर बसणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार, सर? शाळेच्या सामन्यात सचिन-विनोदची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना तुम्ही पॅड बांधून वाट बघत होतात. रणजी पदार्पणातच २६०, प्रथम श्रेणीत १७१ सामने आणि ११,१६७ धावा, आणि तरी भारताची कॅप नाही. ही गोष्ट मी मुलींना अनेकदा सांगितली आहे. तिचा माझ्याशी काय संबंध, हा विचार मात्र कधी केला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मुलींना मैदानातल्या कडुनिंबाखाली बसवलं. म्हटलं, धाव घेताना हाक कशी द्यायची, कुणाची हाक आधी, याचा सराव मी तुमच्याकडून एकदाही करून घेतला नाही. ती चूक माझी. सगळ्या गप्प. थोड्या वेळाने तीच आठवीतली म्हणाली, "मॅडम, मी पण चेंडूकडेच बघत राहिले. तिच्याकडे बघितलंच नाही." मी तिला काहीही विचारलं नव्हतं. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन तिच्या वडिलांसमोर तिची माफी मागितली. आता रोज वीस मिनिटं फक्त पळणं आणि हाका.

२ नोव्हेंबरच्या रात्री अंतिम सामना जिंकल्यावर हरमनप्रीत तुमच्या पाया पडली, तेव्हा मी टीव्हीसमोर रडत होते. त्या तीन पराभवांनंतर तुम्ही सगळे एकमेकांशी जसे वागलात, त्यासाठी मनापासून आभार.

कधी साताऱ्याकडे येणं झालं तर आमच्या मैदानावर नक्की या. खेळपट्टी मातीचीच आहे, पण मुलींच्या हाका आता रस्त्यापर्यंत ऐकू येतात.

आपली नम्र,
एक क्रीडाशिक्षिका