सिस्टर, पाण्यातून बाहेर यायलाही तुम्हीच शिकवलंत

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

लेकीची सुटका झाली, ती आणि बाळ दोघंही सुखरूप घरी आली, हे फोनवर कळवलंच आहे. तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. बाळ बघायला येणाऱ्या बायका निघताना हळूच विचारतात, "ते पाण्यातलं बाळंतपण म्हणे, खरं का हो?" प्रत्येकीला मी तुम्ही सांगितलेलंच सांगत बसते. मग वाटलं, एकदाच नीट लिहून काढावं आणि ज्यांनी हे सगळं समजावलं त्यांचे आभारही चारचौघांत मानावेत.

आधीच सांगते, आमचं बाळ पाण्यात जन्मलं नाही. लेकीनं कळा कोमट पाण्याच्या टबात बसून सोसल्या आणि बाळ पलंगावर झालं. ठरवलं तसं झालं नाही म्हणून तिच्या मनात जराही रुखरुख नाही, आणि त्याचं श्रेय तुमचं आहे.

लेक सातव्या महिन्यात माहेरी, नौपाड्याला आली ती पाण्यातलं बाळंतपण मनाशी ठरवूनच. तिच्या मैत्रिणींपैकी बहुतेकींचं सीझर झालेलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी 47 टक्के सीझरनं झाली होती, हा आकडा तिनंच मला वाचून दाखवला होता. आपलं बाळंतपण आपल्या अंगाच्या कलानं व्हावं ही तिची इच्छा, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. पण ज्या ठिकाणी आम्ही आधी चौकशी केली तिथल्या बाईंनी पॅकेजचा कागद पुढे केला आणि "अजिबात दुखत नाही, बाळ अलगद पोहत बाहेर येतं" एवढंच सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला. नवजात बाळ आणि पाणी ही दोन नावं एकत्र ऐकून कुठल्या आजीला झोप लागेल? जावई बिचारे आम्हा दोघींच्या मध्ये. शेजारच्या वहिनींनी तुमचं नाव सुचवलं. उभा जन्म लेबर रूममध्ये काढून निवृत्त झालेल्या, पाचपाखाडीत राहणाऱ्या सिस्टर आहेत म्हणाल्या, त्यांना विचारा.

तुम्ही हो म्हणाला नाहीत की नाही म्हणाला नाहीत. आधी फाइल मागितलीत. हिमोग्लोबिन, बीपी, साखर, सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) कुठे आहे, बाळाचं डोकं खाली आहे का, एकेक कागद चष्मा लावून बघितलात. मग म्हणालात, "हे हौसेवर नाही, फाइलवर ठरतं." जुळं असेल, बाळ पायाळू असेल, बीपी वाढलेलं असेल, 37 आठवडे भरायच्या आत कळा आल्या असतील, अंगावरून रक्त जात असेल, बाळाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवायची गरज असेल, तर पाण्याचा विचार मनातून काढून टाकायचा. आधीचं सीझर असलं तरी बहुतेक ठिकाणी पाण्यात बसवत नाहीत. आणि कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन (एपिड्युरल) हवं असेल तर पाणी नाही. दोन्ही एका वेळी मिळत नाही. हे सगळं लेकीला पहिल्याच भेटीत कळलं, तेही घाबरवून नव्हे.

मग मी मला छळणारा प्रश्न विचारला, बाळ गुदमरत नाही का? तुम्ही मला किती शांतपणे समजावलंत! पोटात बाळ पाण्यातच असतं, त्याच्या फुप्फुसांतही द्रव असतो आणि प्राणवायू त्याला नाळेतून मिळतो. बाहेर येताना कोमट पाण्यातून कोमट पाण्यातच आलं तर धडधाकट बाळ श्वास घ्यायची घाई करत नाही. तोंडाला हवा लागली की मग घेतं. पण, आणि हा 'पण' तुम्ही बोट वर करून उच्चारला होतात, बाळाला आधीच प्राणवायू कमी पडत असेल तर ते पाण्यातच श्वास ओढू शकतं. म्हणून ठोक्यांत जरा काही वेगळं दिसलं किंवा बाळानं पोटात शी केल्याची खूण दिसली की आईला बाहेर काढायचं. डोकं एकदा पाण्याबाहेर आलं की पुन्हा पाण्यात जाऊ द्यायचं नाही. इतकं स्पष्ट मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशीचं एक दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही दांडीवरचा टॉवेल ओढून त्याची बाळाएवढी गुंडाळी केलीत, परकराची नाडी तिला बांधलीत आणि दुसरं टोक लेकीच्या कमरेला खोचलंत. मग जावयांना सांगितलंत, उचला बाळ. त्यांनी उत्साहानं गुंडाळी छातीपर्यंत उचलली आणि नाडी ताठ झाली, कमरेतून सुटली. "नाळ किती लांब आहे हे पाण्यात दिसत नाही," तुम्ही म्हणालात. "बाळ लगेच वर आणायचं, पण हळू, आणि नाळ जेवढं येऊ देईल तेवढंच." झटक्यात उचललं तर नाळ तुटून बाळाचं रक्त जाऊ शकतं. हे काम डॉक्टर आणि नर्सचंच, तरी घरच्यांनाही ठाऊक असावं हा तुमचा आग्रह. जावई त्या दिवसापासून तुमचे शिष्यच झाले. पुढे डॉक्टरांना काय काय विचारायचं याची वही त्यांनीच घातली.

त्या वहीतले प्रश्न तुमचेच होते. पाणी किती गरम ठेवता? ते 36 ते 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास असावं, त्याच्या वर कधीच नाही. आई तापली की पोटातलं बाळही तापतं आणि त्याचे ठोके वाढतात. थर्मामीटरनं दर तासाला बघता का? पाण्यात चालणारा डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, आहे का? कळा जोरात असताना ठोके दर पंधरा मिनिटांनी आणि बाळ खाली येऊ लागल्यावर दर पाच मिनिटांनी ऐकता का? टब प्रत्येकीनंतर कसा साफ करता? आई चक्कर येऊन पडली तर तिला बाहेर कसं काढता, आणि त्याचा सराव केलाय का? वार पाण्यात पडू देता की बाहेर? रक्त किती गेलं हे पाण्यात नीट कळत नाही, म्हणून वार पडताना बाहेर आलेलं बरं, असं तुमचं मत. घोडबंदर रोडवरच्या ज्या रुग्णालयात आम्ही शेवटी गेलो, तिथल्या डॉक्टरांनी न कंटाळता सगळी उत्तरं दिली. तिथेच जायचं हे मग आपोआप ठरलं.

लेक इंटरनेटवरून काय काय वाचून यायची आणि तुम्ही तिला कधी उडवून लावलं नाहीत. फ्रान्समधल्या पिथिव्हिएच्या रुग्णालयात मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी कळा सोसणाऱ्या बायकांसाठी पाण्याचा टब ठेवला आणि 1983 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला अनुभव लिहिला, हे तिनं सांगितलं तेव्हा तुम्ही कौतुकानं ऐकलंत. मग दुसरी बाजूही समोर ठेवलीत. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कोक्रेन आढाव्यात कळांच्या पहिल्या टप्प्यात पाण्यात बसल्यानं पाठीतल्या इंजेक्शनची गरज थोडी कमी झालेली दिसली आणि बाळाला अपाय वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून पाण्याचा पर्याय द्यावा असंच म्हटलं आहे. पण अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये असं सांगितलं की कळा पाण्यात सोसायला हरकत नाही, प्रत्यक्ष जन्म मात्र पाण्याबाहेर व्हावा, कारण जन्माच्या क्षणाबद्दल पुरेशी माहिती हाती नाही. जाणती माणसंही एकमतानं बोलत नाहीत हे तुम्ही लपवलं नाहीत. माझ्या मते तुमच्यावर विश्वास बसला तो यामुळे.

मधे कुणीतरी घरीच फुगवायचा टब आणायची टूम काढली होती. आजीच्या काळी नाही का सुईण घरी यायची, वगैरे. त्यावर तुम्ही ठाम नाही म्हणालात. परदेशात घरी बाळंतपण होतं तिथे शिकलेली मिडवाइफ शेजारी असते आणि मागे रुग्णालय, रुग्णवाहिका सज्ज असते. आपल्याकडे 2018 मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, नर्सेससाठी अठरा महिन्यांचं प्रशिक्षण आखलं, पण ही व्यवस्था अजून घरोघरी पोहोचलेली नाही. शिवाय इंग्लंडमध्ये 2014 साली घरी आधीपासून भरून गरम ठेवलेल्या टबच्या पाण्यामुळे एका बाळाला लिजनेला जंतूचा गंभीर संसर्ग झाला होता, हेही तुम्ही सांगितलंत. साठवलेलं कोमट पाणी जंतूंना फार मानवतं. आमच्या सोसायटीची टाकी आठवली आणि तो विषय तिथेच संपला.

तयारीचं बोलायचं तर तुम्ही नुसतं सांगितलं नाहीत, करून घेतलंत. सकाळी कचराळी तलावाभोवती फेऱ्या. घरी मालासन, म्हणजे पाय फाकवून उकिडवं बसणं, भिंतीचा आधार घेऊन. श्वास लांब सोडायचा आणि सोडताना घशातून खालच्या पट्टीत हुंकार द्यायचा. किंचाळलं की अंग आवळतं, हुंकारानं सैल पडतं. शेवटच्या आठवड्यांत तेलानं खालच्या भागाचा मसाज, डॉक्टरांना विचारून. दिवस भरत आले तशी बॅग भरली ती तुमच्या सांगण्याप्रमाणे: गडद रंगाचे सैल कुर्ते, भरपूर टॉवेल कारण पाण्याबाहेर आल्यावर बाई कुडकुडते, आणि स्ट्रॉची बाटली, कारण टबात घाम येतो तो कळत नाही आणि अंगातलं पाणी कमी होतं. घोडबंदर रोड संध्याकाळी कसा असतो हे ठाणेकरांना सांगायला नको. कळा दुपारी सुरू झाल्या तर माजिवडा-कापूरबावडीची गर्दी सुरू व्हायच्या आत निघायचं, हेही तुम्हीच बजावलं होतंत.

पण तुमची सगळ्यात मोलाची शिकवण म्हणजे बाहेर यायचा सराव. बाळंतपणाची तयारी करताना असलं काही कुणी करून घेतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. लेकीला जमिनीवर बसवायचात, कळ चालू आहे असं समजायला सांगायचात आणि मधेच म्हणायचात, "चल, बाहेर." एक हात जावयांच्या खांद्यावर, एक पाय आधी, मग दुसरा. ती सुरुवातीला हिरमुसायची. तिला वाटायचं तुम्हाला तिच्यावर भरवसा नाही. तुम्ही तिच्या शेजारी जमिनीवर बसून म्हणालात, "पाणी तुझ्यासाठी आहे बाळा, तू पाण्यासाठी नाहीस. बाहेर यावं लागलं तर तुझं काही हरलं नाही." तेव्हापासून ती तो सराव आपणहून करू लागली.

कळा रात्री सुरू झाल्या, रस्ता मोकळा मिळाला. पोहोचलो तेव्हा गर्भपिशवीचं तोंड जेमतेम उघडलं होतं, म्हणून डॉक्टरांनी लगेच टबात जाऊ दिलं नाही. लवकर पाण्यात गेलं तर कळा मंदावू शकतात हे लेकीला ठाऊक होतं, ती मुकाट्यानं व्हरांड्यात फेऱ्या घालत राहिली. पाच सेंटीमीटर झाल्यावर पाण्यात उतरली आणि सिस्टर, तिचे खांदे माझ्या डोळ्यांदेखत खाली आले. दुखणं थांबलं नव्हतं. पण दोन कळांच्या मधे ती डोळे मिटून विसावू लागली. मी तांब्यानं तिच्या पाठीवर संथ धार धरत होते. "झालं का, अजून किती" हे शब्द काढायचे नाहीत असं तुम्ही मला बजावलं होतंत, ते मी कसोशीनं पाळलं. नर्सताई येऊन थर्मामीटर बुडवून बघत, डॉपलर लावत. ते ठोके ऐकले की आम्ही सगळेच जरा सुखावायचो.

पहाटे बाळाभोवतीच्या पाण्याची पिशवी फुटली आणि टबातलं पाणी हिरवट झालं. बाळानं शी केली होती. डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, "आता बाहेर येऊ या." लेकीनं कळ ओसरू दिली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली. ना रडारड, ना "अजून पाच मिनिटं". तिच्या अंगावर टॉवेल टाकेपर्यंत बालरोगतज्ज्ञ येऊन उभे राहिले होते. पलंगावर कुशीवर झोपून, तोच हुंकार देत तिनं बाळाला जन्म दिला. थोडे टाके पडले. बाळ लगेच रडलं, तपासून तिच्या छातीवर ठेवलं.

तिथल्या डॉक्टरांचे आणि नर्सताईंचे आभार आम्ही मानलेच. पण लेक त्या क्षणी गोंधळली नाही ती तुमच्या तालमीमुळे. तुम्ही फी घेतली नाहीत, पेढेही "बाळ झाल्यावर" म्हणून परत केलेत. माझ्यासारख्या धास्तावलेल्या आईला तुम्ही अडाणी ठरवलं नाहीत आणि लेकीच्या हट्टाला खूळ म्हटलं नाहीत. आम्हा दोघींना एकाच चटईवर बसवून सगळं समजावलंत. हे उपकार फिटायचे नाहीत.

आता दोन गोष्टी. पहिली, बारसं येत्या रविवारी सकाळी घरीच आहे. जावई गाडी घेऊन तुम्हाला न्यायला येतील, नाही म्हणायचं नाही. पाळण्यात घालताना एका बाजूला मी असेन, दुसऱ्या बाजूला तुम्ही हवात, ही लेकीची इच्छा आहे. दुसरी, वरच्या मजल्यावरच्या सुनेला सहावा लागलाय आणि तीही पाण्याचं विचारतेय. तिला मी सांगितलंय, आधी फाइल घेऊन सिस्टरांकडे जा. कधी पाठवू ते कळवा.

तुमची,
बाळाची आजी
नौपाडा, ठाणे