आमच्या वर्गातील तंत्रज्ञानाला वाचा दिल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

बँकेतील नोकरीतून रजा काढून आपण साताऱ्याहून एसटीने पाटण तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत आलात आणि सातवीच्या वर्गासोबत संपूर्ण दिवस राहिलात, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सर्वांना वाचता यावे असे लिहिते आहे, कारण आपण जे दाखवलेत ते आमच्यासारख्या अनेक शाळांना आजच्या आज करता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी नवा निधी लागत नाही.

आमच्याकडे प्रोजेक्टर आहे, टॅब आहेत. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा अ‍ॅपवरील चित्रफिती मुले स्वतः उघडतात. या साधनांनी वर्गात उत्साह आणला आहे. परंतु त्यांतील बरीचशी सामग्री डोळ्यांसाठी घडवलेली असते आणि आमच्या वर्गातील जन्मतः दृष्टिहीन मुलीपर्यंत त्यातले पोहोचत असे ते शेजारच्या मैत्रिणीने हळूच सांगितले तेवढेच. ब्रेल ती सफाईने वाचते, मात्र ब्रेलमधील पुस्तके मोजकी, आणि रोजच्या स्वाध्यायपत्रिका तर ब्रेलमध्ये नसतातच.

आपण स्वतः दृष्टिहीन असूनही कोणतेही भाषण न करता सरळ आपला फोन तिच्या हातात दिलात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. टॉकबॅक ही अँड्रॉइड फोनमधील पडद्यावरचे बोलून दाखवणारी सोय सुरू असल्यावर बोट टेकेल तिथले नाव फोन उच्चारतो, बोट उजवीकडे सरकवले की पुढच्या घटकावर जातो आणि दोनदा टॅप केले की तो घटक उघडतो, एवढे सांगून आपण बाजूला झालात. आपल्या फोनचा बोलण्याचा वेग इतका होता, की आम्हा कोणालाच एक शब्दही कळेना. आपण मात्र तो आवाज सहज समजून घेत होतात. तिच्यासाठी आपण तो वेग कमी केलात आणि थोड्याच वेळात तिने तो स्वतःहून वाढवून घेतला.

दुपारी आपण लॅपटॉपवर एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, घातलेत. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने त्याचे काम सुरू केले, हे ऐकून तिने आपल्याला विचारलेले प्रश्न संपता संपत नव्हते. त्यानंतर आपण आमच्याकडच्या नेहमीच्या फाइली मागितल्यात. पहिली जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली होती: पडद्यावर स्वच्छ मराठी, पण यंत्र मात्र इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे एकापाठोपाठ वाचत सुटले. अशा फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरे रोमन असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर केवळ देवनागरीचा आकार चढवतो, हे आपण मुलांनाही समजेल अशा भाषेत सांगितलेत. दुसरी फाइल म्हणजे छापील पानाचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो. यंत्राच्या दृष्टीने ते निव्वळ चित्र असल्यामुळे त्यातला मजकूर त्याला वाचता आला नाही. तिसरी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी देवनागरी अक्षरेच साठवणाऱ्या पद्धतीत होती आणि ती जोडाक्षरांसह पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आली. एवढी वर्षे प्रशिक्षणांना जाऊनही हा साधा आणि निर्णायक फरक मला इतक्या स्पष्टपणे कोणी दाखवला नव्हता.

भूगोलाच्या तासाला तर आपण आमच्या बोलण्याकडेच लक्ष वेधलेत. नकाशावर बोट ठेवून ‘ही नदी इथून अशी जाते’ असे म्हणण्याऐवजी ती कोठून कोठे जाते ते शब्दांत सांगा, असे आपण सुचवलेत. मग मुलांनीच पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून कृष्णा आणि कोयना तयार केल्या आणि प्रत्येक वळण मोठ्याने सांगितले: महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते, पाटणवरून पुढे जाते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. सुतळीवरून बोट फिरवत तिने हा प्रवाह अचूक सांगितला. ज्यांना दिसते त्या मुलांचीही समजूत त्या दिवशी पक्की झाली. कोयनेच्या खोऱ्यात राहूनही हेळवाकचे वळण त्यांच्यापैकी अनेकांच्या लक्षात आलेले नव्हते.

आता आमच्या शाळेत प्रत्येक स्वाध्यायपत्रिका युनिकोडमध्येच टंकली जाते. जुन्या फाइली परिवर्तकातून काढताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, म्हणून त्या डोळ्यांखालून घालाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आहे, पण वरच्या वर्गातील मुले त्यात आनंदाने मदत करतात. आमच्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत मी तिन्ही फाइली आपल्याच पद्धतीने ऐकवल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अशा मुलांना सर्वांसोबत शिकण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क प्रत्यक्षात आणण्यासाठी टंकलेखनाच्या सवयीही बदलाव्या लागतात, हे तेथील सहकाऱ्यांना पटले. आमची विद्यार्थिनी आता पत्रिका स्वतः वाचते. इअरफोन एकाच कानात ठेवावा म्हणजे दुसऱ्या कानाने वर्ग ऐकू येतो, हा आपला सल्ला ती कटाक्षाने पाळते.

गणितात मात्र अजून अडचण आहे. अपूर्णांक आणि भूमितीच्या आकृत्या फाइलमध्ये चित्र म्हणूनच येतात आणि तेथे ती अडते. अपूर्णांक आम्ही सध्या ‘तीन छेद चार’ असे अक्षरांत लिहून देतो. लांब पदावलीत कंस कोठे संपतो हे त्यातून कळत नाही, अशी तिची रास्त तक्रार आहे. आपण बँकेत आकडेमोड कशी करता, हे तिला आपल्याकडूनच जाणून घ्यायचे आहे. तिचे प्रश्न तिने स्वतः ध्वनिमुद्रित केले असून ते आपल्याला वेगळे पाठवत आहे. आपल्या सवडीच्या एखाद्या शनिवारी, शाळा सुटल्यानंतर, तिच्याशी फोनवर बोलता आले तर आम्ही दोघी आपल्या ऋणी राहू.

आपली कृतज्ञ,
वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी
जिल्हा परिषद शाळा, पाटण तालुका, जि. सातारा