पानपूरकाची शेपटी कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या ऑनलाइन आवृत्तीत रोज सकाळी इकडची-तिकडची पाच-सात टिपणे एकत्र दिलेली असतात. एखादा अजब प्राणी, उत्खननात सापडलेली वस्तू, ग्रहगोलांची गंमत, जुन्या काळातला विचित्र खटला. मी ती अग्रलेखाच्या आधी वाचते, हे कबूल करून टाकते. माझी हयात मुद्रितशोधनात गेली. अशा मजकुराला आम्ही पानपूरक म्हणायचो. बातमी चार ओळींनी कमी पडली की छपाईचे खिळे जुळवणारा हाक मारायचा आणि मग खणातल्या कात्रणांच्या गठ्ठ्यातून बरोबर चार ओळींचा तुकडा शोधून द्यायचा. तो खरा आहे का, हे नंतर; आधी तो चार ओळींत बसतो का, हे पाहायचे. त्यामुळे पुढे जी तक्रार करते आहे, त्यात थोडी आरोपी मीही आहे.

तक्रार एवढीच की ही टिपणे जिथे रंगायला लागतात नेमकी तिथेच तोडलेली असतात. काय घडले ते छापून येते. ते कुणाला, कसे कळले, ते गाळले जाते.

वॉम्बॅटचेच घ्या. ऑस्ट्रेलियातला हा गुबगुबीत प्राणी घनाकृती लेंड्या टाकतो, हे वाचून सगळे हसतात आणि पुढे पाठवतात. पण त्यामागची गोष्ट लेंडीपेक्षा मजेदार आहे. पॅट्रिशिया यांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीखाली सापडून मेलेल्या वॉम्बॅटची आतडी मिळवली आणि आत फुगा घालून ती फुगवून पाहिली. आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, कुठे ती ताठ असते, कुठे सैल. मल सुकत सुकत पुढे सरकतो तेव्हा या असमान आकुंचनामुळे त्याला कोपरे येतात. आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे इग नोबेल त्यांना २०१९ मध्ये मिळाले. आतड्यात फुगा फुगवणारी माणसे टिपणातून काढून टाकली की हाती उरते ती नुसती लेंडी.

याहून मोठा अन्याय ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँड विद्यापीठातल्या डांबराच्या थेंबावर होतो. 'जगातला सर्वांत संथ प्रयोग, ८० वर्षांत ९ थेंब' असे दीड ओळीचे टिपण मी निदान पाच-सहा वेळा वाचले असेल. तो प्रयोग थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये मांडला. डांबराच्या जातीचा 'पिच' नावाचा पदार्थ हातोडी मारली तर काचेसारखा फुटतो, पण मुळात तो द्रव आहे, हे त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. वितळवून फनेलमध्ये ओतला, तीन वर्षे बसू दिला, १९३० मध्ये फनेलचे तोंड कापले. पहिला थेंब पडायला आठ वर्षे लागली. हा पदार्थ पाण्याच्या सुमारे २३ हजार कोटी पट घट्ट आहे.

पुढे जॉन मेनस्टोन यांनी या प्रयोगाची राखण केली, १९६१ पासून तब्बल ५२ वर्षे. १९७९ मध्ये थेंब पडला तेव्हा शनिवार-रविवारची सुट्टी होती. १९८८ मध्ये ते काहीतरी प्यायला म्हणून पाच मिनिटे बाजूला गेले, आणि तेवढ्यात थेंब पडला. २००० मध्ये कॅमेरा लावून ठेवला होता. ऐन वेळी त्याने दगा दिला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असाच एक जुना प्रयोग आहे. तिथे जुलै २०१३ मध्ये थेंब पडताना पहिल्यांदाच नीट चित्रित झाला. मेनस्टोन ऑगस्ट २०१३ मध्ये वारले, आणि क्वीन्सलँडचा नववा थेंब पडला एप्रिल २०१४ मध्ये. आता सांगा, 'सर्वांत संथ प्रयोग' या तीन शब्दांत यातले काय आले? पाच मिनिटांसाठी उठलेला तो माणूस आला का?

शुक्राचे टिपण तुलनेने साधे आहे. 'शुक्रावरचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा' हे परवाच आपण दिलेत. शुक्र स्वतःभोवती फिरायला पृथ्वीचे २४३ दिवस घेतो आणि सूर्याभोवती २२५, म्हणून विधान बरोबर. पण दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ असे आपण धरतो, आणि तो शुक्रावर सुमारे ११७ दिवसांचाच भरतो, कारण शुक्र उलटा फिरतो. म्हणजे वर्षाला जवळजवळ दोन सूर्योदय. ढगांच्या आड दडलेला ग्रह फिरतो कसा, हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रडारचे तरंग त्याच्यावर आपटवून शोधावे लागले. एक ओळ वाढवली असती तर वाचक चूक समजुतीतून वाचला असता.

आता आपल्या धंद्याबद्दल. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, ही थाप रॉबर्ट रिप्ले यांच्या वर्तमानपत्री सदरात १९३२ मध्येच छापून आली, म्हणजे चंद्रावर पाऊल पडायच्या ३७ वर्षे आधी! तोपर्यंत तिथून कुणी पाहिलेच नव्हते, तरी छापले. साधा हिशेब केला तरी कळते. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, भिंतीची रुंदी काही मीटर. डोक्यावरचा एक केस पाच किलोमीटरवरून पाहण्याइतके ते सोपे आहे. २००३ मध्ये चीनचेच पहिले अंतराळवीर यांग लिवेइ पृथ्वीच्या जवळच्या कक्षेतून परतले आणि भिंत दिसली नाही असे त्यांनी सांगितले. मुलांना मात्र ती अजून दिसते.

एच. एल. मेंकेन या अमेरिकी पत्रकाराने तर मुद्दाम खोडी काढली. २८ डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या दैनिकात त्याने अंघोळीच्या टबाचा इतिहास लिहिला. अमेरिकेतला पहिला टब १८४२ मध्ये सिनसिनाटीत, डॉक्टरांचा त्याला विरोध, मग राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी तो व्हाइट हाउसमध्ये बसवला, वगैरे. सगळे मनचे. युद्धाच्या दिवसांत थोडी करमणूक म्हणून लिहिले, असे त्याचे म्हणणे. पण ती माहिती नियतकालिकांत आणि संदर्भग्रंथांत जाऊन बसली. १९२६ मध्ये त्याने स्वतः कबुली दिली, अनेक दैनिकांनी ती छापली. त्यातल्याच बॉस्टनच्या एका दैनिकाने तीन आठवड्यांनी टबाचा तोच इतिहास खरा म्हणून पुन्हा छापला. हे वाचून मला हसू आले नाही, आमचा कात्रणांचा खण आठवला. त्यात कबुली एका गठ्ठ्यात आणि थाप दुसऱ्या गठ्ठ्यात राहिली असती, आणि चार ओळी हव्या असताना हात थापेवरच पडला असता.

'समज-गैरसमज' छाप टिपणांतही हेच होते, हे अधिक खटकते. पालकात लोह फार असते हा समज म्हणे १९व्या शतकात दशांशचिन्ह एक घर सरकल्यामुळे पसरला. हा खुलासा १९८१ मध्ये एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला आणि तेव्हापासून शहाणे लोक तो ऐटीत सांगत आले. २०१० मध्ये माइक सटन या अभ्यासकाने जुने कागद उपसले, तर दशांशचिन्हाच्या त्या चुकीला आधारच मिळेना. म्हणजे पराचा कावळा झाला होता, असे सांगणाराही कावळाच निघाला. आपल्याकडे ही दशांशचिन्हाची गोष्ट गेल्या वर्षभरात दोनदा आली आहे. दोन्ही वेळा 'शास्त्रज्ञांच्या मते' अशी सुरुवात होती. कोणत्या शास्त्रज्ञांच्या?

वाचकाला एवढे वाचायला सवड नसते, असे आपले उपसंपादक म्हणतील. ते खरे असेलही. मात्र आम्ही चार ओळींत बसवायचो ते कागद कमी म्हणून. ऑनलाइन आवृत्तीला तसली अडचण नाही. प्रत्येक टिपणाला साल, ठिकाण आणि मोजणाऱ्या माणसाचे नाव एवढी शेपटी राहू द्या. पाच-सात टिपणांऐवजी तीन दिलीत तरी चालतील. आणि चूक सापडली तर दुरुस्ती त्याच टिपणाखाली द्या, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात नको. थाप जिथे वाचली तिथेच माणूस परत जातो, दुरुस्ती शोधायला कुणी जात नाही.

तुमच्या टिपणांतली काही मी अजूनही वहीत उतरवून घेते. 'क्लिओपात्रा पिरॅमिडपेक्षा चांद्रमोहिमेच्या जवळच्या काळातली' हे मागच्या महिन्यातले. ते मी पडताळून पाहिले. खुफूचा पिरॅमिड इसवी सनापूर्वी सुमारे २५६०, क्लिओपात्राचा जन्म इसवी सनापूर्वी ६९, चंद्रावर पाऊल १९६९. एकीकडे सुमारे अडीच हजार वर्षे, दुसरीकडे दोन हजारांहून जरा जास्त. बरोबर निघाले. तीन आकडे आपणच दिले असते तर माझा अर्धा तास वाचला असता. तो फुकट गेला, असे मात्र म्हणवत नाही.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. : क्वीन्सलँडच्या दहाव्या थेंबाची बातमी छापाल तेव्हा तो पडताना समोर कोण होते, तेवढे जरूर लिहा.