हक्कसोडीच्या कागदाबद्दल

सांक्ट गालेन, स्वित्झर्लंड

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला, वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा सोडायच्या हक्कसोडपत्राचा मसुदा वाचला. फोनवर हा विषय निघाला की आपण दोघंही तापतो आणि मध्ये आई रडते, म्हणून लिहायला बसले. आईला वाचून दाखव, पण आधी तू एकट्यानं वाच.

बर्नच्या वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करायचं, अर्ध्या दिवसाचं काम आहे, असं तू म्हणालास. खरंय. तरी मी गेले नाही, आणि त्याचं कारण जरा लांबून सांगावं लागेल.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाई मला अपेनझेलला घेऊन गेल्या. त्यांचं माहेर तिथलं. अपेनझेल इनररोडन हा इथला सगळ्यात कमी वस्तीचा प्रांत, माणसं १६ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव. वर्षातून एकदा सगळे मतदार भर चौकात उभे राहतात आणि हात वर करून कारभारी निवडतात, कायदे ठरवतात. आपली ग्रामसभाच म्हण, फक्त इथं कोरम भरतो! पुरुष कमरेला तलवार लावून येतात. वडिलांची, आजोबांची तलवार. ती दाखवली की मतदारांसाठी बांधलेल्या दोरीच्या आत प्रवेश. बायका मतदाराचं कार्ड दाखवतात. त्यांच्याकडे वारशानं आलेली तलवार कुठली असणार? इथं त्यांना मत मिळालं तेच १९९० च्या नोव्हेंबरात.

लिहिण्यात चूक नाही, १९९०. देशाच्या निवडणुकीत स्विस बायकांना मत मिळालं ७ फेब्रुवारी १९७१ ला. तेव्हा आपल्याकडे इंदिराबाई पंतप्रधान होत्या आणि आपली आजी १९५२ पासून शिक्का मारत होती. त्याआधी १९५९ मध्ये इथं हाच प्रश्न मतदानाला टाकला होता. मत अर्थातच फक्त पुरुषांचं, आणि दोन तृतीयांश पुरुषांनी नाही म्हटलं. अपेनझेल तर १९७१ नंतरही आपल्या प्रांताच्या कारभारात बायकांना घेईना. २९ एप्रिल १९९० ला याच चौकात पुरुषांनी हात वर करून पुन्हा नकार दिला. मग थेरेसा रोनर नावाची एक बाई आणि तिच्याबरोबर आणखी काही जण लोझानच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं प्रांताची घटना बदलायलाही लावली नाही. त्या घटनेत मतदारांसाठी जो शब्द होता त्याचा अर्थ 'मुलखातली माणसं'. न्यायालय म्हणालं, बायकाही माणसंच, यापुढे तो शब्द असा वाचायचा.

मला आपल्याकडचं 'गडीमाणूस' आणि 'बाईमाणूस' आठवलं. आणि नुसतं 'माणसं जेवायला बसली' म्हटलं की पंगतीत कोण असतं, तेही.

पण दादा, माझ्या डोक्यात राहिलं ते आजीबाईंचं बोलणं. मी विचारलं, तुम्हाला राग नाही यायचा? त्या म्हणाल्या, "छे, मीच म्हणायचे, मला काय करायचंय मत? नवरा जातोय ना." त्या वेळी त्या घरी भरतकाम करून पैसे मिळवायच्या. १९८८ पर्यंत इथल्या कायद्यात नवरा कुटुंबाचा प्रमुख होता, बायकोनं नोकरी करायची तर त्याची संमती लागायची. पुढे १९९१ च्या एप्रिलमध्ये त्या पहिल्यांदा दोरीच्या आत गेल्या. म्हणाल्या, "हात वर केला आणि मग कळलं, इतकी वर्षं मी नको नको म्हणत होते ते मला कुणी विचारलंच नव्हतं म्हणून."

आपली आत्या अशीच नाही का? बाबांच्या वेळी तिनं साडीचोळी घेऊन कचेरीत सही केली, आणि तू परवा मला तिचाच दाखला दिलास: "आत्यानं कुठं काय मागितलं?" मागितलं नाही हे खरं. मागितलं असतं तर दिवाळीला माहेर राहिलं असतं का, हे मात्र तिच्याशी कुणी बोललं नाही. आता कायदा आम्हा मुलींच्या बाजूला आहे. महाराष्ट्रानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला, देशानं २००५ मध्ये. म्हणूनच तर हक्कसोडीचा कागद लागतो. हक्कच नसता तर सोडायला कशाला बोलावलं असतं?

तुझं ऋण मी विसरलेले नाही. बाबांच्या डायलिसिसच्या खेपा तू केल्यास, सोसायटीचं कर्ज तुझ्या डोक्यावर आहे, मी इथून पैसे पाठवून मोकळी झाले. पाटाखालचा तुकडा विकायला लावीन अशी भीती असेल तर ती काढून टाक. जमीन तूच कस, पीक तुझं, मला खंड नको. कर्जाचा माझ्या वाटणीचा भाग मी फेडते. हवं तर हे सगळं लिहून देते. पण सातबारावरचं नाव काढायला मी सही करणार नाही. इथं अकरा वर्षं राहून मला मत नाही, अपेनझेलला मी दोरीच्या बाहेरच उभी होते. ते समजू शकते, परका मुलूख आहे.

एक काम कर. ताईला विचार. भावोजी समोर नसताना, आणि आईसमोरही नको. फोनवर नको, कऱ्हाडला जाऊन ये. ती म्हणाली सही करते, तर तिची मर्जी, मी मध्ये पडणार नाही. पण 'तुला काय हवंय' असं विचार, 'सही कधी करतेस' असं नको.

आईच्या गुडघ्याचा पट्टा पाठवलाय, मोठ्या मापाचा आहे, सैल झाला तर कळव. विहिरीला पाणी किती आहे ते लिही.

तुझी,
बेबी